घरच्या संगणकासाठी कोणता ब्राउझर?



मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कोजागिरीला दुधाचा पेला हातात असतो, नाहीतर संक्रांतीला तिळगूळ, आणि कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "घरच्या कॉम्प्युटरवर कोणता ब्राउझर टाकू रे?" पूर्वी मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा व्हायचो. गेल्या दिवाळीपासून ते बंद केलं आहे. का, ते सांगायचं तर तुम्हाला आमच्या गावी, तुकईथडला न्यावं लागेल.

तुकईथड बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत. सातपुड्याचे डोंगर जवळ, आणि डोंगरापलीकडे मेळघाट. घरात मराठी, बाजारात हिंदी, आठवड्याच्या बाजारात कोरकूही कानावर पडते. पेपर वाचायचा मराठी, सातबाऱ्याऐवजी खसरा-खतौनी काढायची ती हिंदीत. अशा घरातला आमचा संगणक. मी २०१२ साली बीई झालो आणि पहिल्या काही पगारांतून तो बाबांसाठी घेतला. बैठकीच्या खोलीत, आईनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो अजून आहे. बाबा निवृत्त शिक्षक. सकाळी त्यावर पेपर वाचतात, बँकेचं काम करतात. वहिनी केळीच्या बागेचा हिशेब ठेवते. अकरावीतली पुतणी फॉर्म भरते आणि गणिताचे व्हिडिओ बघते. एक संगणक, तीन माणसं, आणि तिघांचा मिळून एकच ब्राउझर. तो मीच टाकून दिलेला, माझ्या आवडीचा. बाकीचे मी काढून टाकले होते. कुणाला काही विचारलं नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे कर्कश आवाज चालू होता. पडद्यावर लाल पाटी आली होती की संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, काहीही बंद करू नका आणि ताबडतोब या नंबरवर फोन करा. बाबा म्हणाले, "मी नंबर लिहून घेतलाय. आधी तुला विचारावं म्हटलं." मी काही बोलायच्या आत आवाज थांबला. वहिनीनं भिंतीवरचं बटणच बंद केलं होतं. मागून आई म्हणत होती, "मी कवाची म्हनू राह्यली त्याले बंद करा, तं हे ऐकतच नाही!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांच्या निवृत्तीची सगळी पुंजी ज्या खात्यात आहे, त्याचा पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये साठवलेला होता. तो नंबर फिरवला असता, तर पलीकडच्या माणसानं गोड बोलून संगणकाचा ताबा मागितला असता, आणि बाबांनी तो दिलाही असता. बाबा भोळे नाहीत. पण त्या पाटीवर "काहीही बंद करू नका" असं लिहिलं होतं, आणि आयुष्यभर सूचना नीट वाचायला शिकवणारा माणूस सूचना पाळतो.

पट्टी, जी रोज बंद केली जायची

दिवाळीत घरी गेलो. फराळाच्या आधी संगणक उघडला. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे सूचनांची यादी. एखाद्या संकेतस्थळावर गेलं की कोपऱ्यात एक चौकट येते, "आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?" ती इंग्रजीत येत होती, कारण ब्राउझर मी इंग्रजीत ठेवला होता. ती गेल्याशिवाय मजकूर नीट दिसत नाही, म्हणून घरातलं प्रत्येक जण त्यातलं ठळक बटण दाबत होतं. चाळीसेक संकेतस्थळांना अशी परवानगी मिळाली होती. लाल पाटीचा रस्ता तिथूनच आला होता. म्हणजे व्हायरस वगैरे काही नव्हता. दार आम्हीच उघडून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ब्राउझरच्या माथ्यावर एक बारीक पट्टी होती. पुढचे अपडेट हवे असतील तर नवी विंडोज लागेल, असं तिच्यात लिहिलं होतं. मी बाबांना विचारलं, "ही पट्टी कधीपासून येते?"

"ती होय? ती रोजच येते. फुली मारली की जाते. दोन-अडीच वर्षं झाली असतील."

अडीच वर्षं बाबा रोज सकाळी त्या पट्टीला फुली मारत होते. आणि मी, दिवसभर कंपनीत लोकांना अपडेट करा म्हणून सांगणारा, दर दिवाळीला त्याच संगणकासमोर बसून फोटो उतरवून घेत होतो आणि मीही फुलीच मारत होतो. ब्राउझर कुठला होता ते मुद्दाम सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. त्यानं सांगितलं होतं. ज्याच्यासाठी सांगितलं त्याच्या भाषेत ते नव्हतं, एवढंच. आणि भाषा मी निवडली होती.

गेज बदललं की

हे अपडेट थांबणं म्हणजे काय, ते आमच्या गावच्या माणसाला समजावणं सोपं आहे. तुकईथडवरून खंडवा–अकोला मीटर गेजची गाडी जायची. खंडव्याला ब्रॉडगेजवरून उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं आणि छोट्या गाडीत बसायचं. रुंदीकरणासाठी ती लाइन बंद झाली. जुना डबा कितीही धडधाकट असला तरी नव्या रुळांवर तो चालत नाही.

इंटरनेटचंही तसंच झालेलं आहे, आणि एकदा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ ला मोझॅक आला, १९९४ ला नेटस्केप, १९९५ ला मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट मिळू लागला आणि काही वर्षांत सगळीकडे तोच झाला. माझ्या शाळेच्या काळात सायबर कॅफेत इंटरनेट म्हणजे तो निळा 'ई'च. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी लिहिलेलं असायचं की हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल.

मराठी वाचणाऱ्यांना तर त्याचा फार त्रास होता. तेव्हा बरीच मराठी वृत्तपत्रं स्वतःचा फॉण्ट वापरायची. तो फॉण्ट एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरायचा. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स आला, आणि त्यात तीच पानं उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मग कुणीतरी 'पद्म' नावाची जोडणी वापरायला सांगायचं. ती त्या चिवड्याचं युनिकोड मराठी करून द्यायची. युनिकोड आलं तरी भागलं नव्हतं. जुन्या विंडोजवर आणि लिनक्सवर ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी न येता नंतर यायचा, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली असायची. आज तुम्ही हा अंक फोनवर, लॅपटॉपवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये सारखाच वाचता, यामागे वीसेक वर्षांची हमाली आहे. त्यातली बरीचशी स्वयंसेवकांनी रात्री जागून केलेली आहे. ब्राउझरला मराठीत 'न्याहाळक' हा छान शब्दही त्याच सुमाराला रुजला. बोलताना मात्र आपण सगळे ब्राउझरच म्हणतो.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला आणि पारडं फिरलं. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. त्याच्यासाठी बांधलेली संकेतस्थळं मीटर गेजच्या स्टेशनासारखी उरली. एखाद्या जुन्या कार्यालयीन कामासाठी ती लागलीच, तर मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये जुन्या पद्धतीनं पान उघडायची सोय आहे.

पीठ एक, पिशव्या वेगळ्या

आता बाजारात काय आहे ते पाहू. नावं पुष्कळ आहेत, पण आतली इंजिनं मोजून तीन. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच मुक्त प्रकल्पावर उभे आहेत. एकाच गिरणीतलं पीठ, पिशव्या वेगळ्या, असं समजा. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, त्याचं नाव गेको. ॲपलच्या सफारीचं तिसरं, वेबकिट.

दादानं विचारलं, "आपला देशी नाही का एखादा?" आहे. २०१० साली बंगळुरूहून एपिक नावाचा ब्राउझर आला होता, त्यात भारतीय भाषांत टंकायची सोय होती. २०२३ ला झोहो या कंपनीनं 'उला' आणला. केंद्र सरकारनं भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा घेतली, ती झोहोनंच जिंकली. पण उलाही क्रोमियमवरच आहे. म्हणजे पिशवी आपली, गिरणी तीच. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

पिठाचा फरक पडतो कुठे? एक म्हणजे जाहिराती. जाहिराती आणि माग काढणारे तुकडे अडवणारी 'यूब्लॉक ओरिजिन' ही जोडणी फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीनं चालते. क्रोमनं २०२५ मध्ये जुन्या पद्धतीच्या जोडण्या बंद केल्या, त्यामुळे तिथे तिची हलकी आवृत्ती वापरावी लागते. ब्रेव्हमध्ये अशी अडवणूक आतच दिलेली आहे. आमच्या घरी लाल पाटीसारखे सापळे बहुतेक वेळा जाहिरातींतूनच येतात, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. दुसरं म्हणजे काही संकेतस्थळं फक्त क्रोमियमवर तपासलेली असतात. एक्सप्लोररच्या काळातली चूक लोक पुन्हा करत आहेत. आणि यांतलं काहीच खरं म्हणजे फुकट नाही. क्रोम गूगलचा आहे आणि गूगलचा धंदा जाहिरातींचा. फायरफॉक्सचं बहुतेक उत्पन्नही शोधपेटीत गूगल ठेवण्याबद्दल गूगलकडूनच येतं.

आणि अपडेटचं काय? विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सनं ११५ व्या आवृत्तीवर थांबून त्यापुढे काही काळ फक्त सुरक्षेची डागडुजी चालू ठेवली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी अजून विंडोज १० आहे, याचा मला अंदाज आहे. त्यावर ब्राउझर अजून काही काळ नवे होत राहतील, पण खालची भिंत जुनी होत चालली आहे, हे लक्षात ठेवा.

चार दिवसांची परीक्षा

आमच्या विंडोज ७ च्या संगणकाला नवी विंडोज झेपणार नव्हती. नवा संगणक घ्यायला बाबा तयार नव्हते. "चालतोय की!" मग बुऱ्हाणपूरहून एक एसएसडी आणली, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवली आणि लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, चार जीबी मेमरीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे नियमित अपडेट मिळतात. त्यावर फायरफॉक्स आणि क्रोमियम असे दोन्ही ब्राउझर ठेवले. यावेळी मी निवडणार नव्हतो. चार दिवस तिघांनी आपापली कामं दोन्हींत करायची आणि मी मागे खुर्ची टाकून गप्प बसायचं, असं ठरलं. गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड गेलं.

मागे बसून जे दिसलं ते मला तेरा वर्षांत दिसलं नव्हतं. बाबा पेपर वाचताना नाक पडद्याला लावतात. पान मोठं करता येतं, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्ही कायमचं १३० टक्के करून ठेवलं. वहिनीला दुसऱ्याच्या उघड्या टॅब बंद करायची भीती वाटते, म्हणून तिच्या हिशेबाच्या मागे पुतणीचे बावीस व्हिडिओ उघडे असतात आणि संगणक रखडतो. पुतणी एकदम म्हणाली, "काका, मी काय शोधते ते आजोबांना दिसतं. म्हणून मी बऱ्याच गोष्टी शोधतच नाही." सोळा-सतरा वर्षांची मुलगी, तिला डॉक्टरी प्रश्न असतील, कॉलेजचे असतील, काहीही असेल. घरात कुणी तिच्यावर पहारा ठेवत नव्हतं. पण एकच ब्राउझर सगळ्यांचा असला की आपोआप पहारा बसतो. आम्ही लगेच संगणकावर तिघांची तीन वेगळी खाती केली, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. बाबांची बँक बाबांच्या खात्यात, वहिनीचा हिशेब वहिनीच्या, पुतणीचं शोधणं तिचं तिच्याजवळ. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी निदान ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल तरी करावं. फक्त ते संगणकाच्या खात्याइतकं बंदिस्त नसतं, दुसऱ्याला ते उघडता येतं.

चौथ्या दिवशी निकाल लागला. पुतणीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं शेवटचं पान फायरफॉक्समध्ये छापायला तयार होईना, क्रोमियममध्ये लगेच छापलं. म्हणून तिनं क्रोमियम घेतला. वहिनी म्हणाली, मला दोन्ही सारखेच, ज्यात जाहिराती कमी तो द्या. तिला यूब्लॉक लावलेला फायरफॉक्स दिला. बाबांसाठी मी फायरफॉक्सचा मेनू मराठीत केला. एखाददुसरं वाक्य अजून इंग्रजीतच आहे, पण बहुतेक सगळं मराठी. क्रोम आणि एजमध्येही मराठी आहे, विंडोजवर सेटिंग्जमध्ये भाषा बदलली की मिळते. बाबांनी चष्मा सारखा करून सगळा मेनू वरपासून खालपर्यंत वाचून काढला. दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग म्हणाले, "हा ठेव. हा काय विचारतो ते तरी कळतं."

म्हणजे एका घरात दोन ब्राउझर आले. गाडीला स्टेपनी असते तसा दुसरा ठेवावाच. एकात पान अडलं तर दुसऱ्यात उघडून पाहायचं. तिसरा मात्र नको, त्याचे अपडेट कुणी बघत नाही.

तुमच्या घरी

तर मला विचाराल, कोणता टाकू, तर मी आता उलट विचारतो. त्या संगणकासमोर कोण बसतं? कुठल्या भाषेत वाचतं? काय काम करतं? ही उत्तरं मिळाली की ब्राउझरचं नाव दुय्यम ठरतं. या यादीतला कुठलाही चांगलाच आहे. नावापेक्षा या गोष्टी येत्या रविवारी पाहून घ्या.

सेटिंग्जमध्ये 'विषयी' या पानावर जा. ब्राउझर अद्ययावत आहे का, आणि पुढेही अपडेट मिळणार आहेत का, ते तिथे कळतं. माथ्यावर एखादी पट्टी येत असेल तर फुली मारायच्या आधी वाचा, आणि आई-बाबांना फोन करून विचारा की त्यांच्याकडे येते का.

गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या परवानग्या पाहा. ओळखीची नसलेली सगळी नावं काढून टाका आणि यापुढे कुणी विचारूच नये, असा पर्याय निवडा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि आमच्या घरचा निम्मा त्रास त्यानंच गेला.

बँकेचा पासवर्ड सामायिक ब्राउझरमध्ये साठवू नका. आणि घरातल्या सगळ्यांना एक सांगून ठेवा: पडदा ओरडू लागला तर तिथला नंबर फिरवायचा नाही. एस्केपचं बटण दाबून धरा, नाही जमलं तर वहिनीसारखं भिंतीवरचं बटण बंद करा. त्यात संगणकाचं फारसं काही बिघडत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटचं, ज्यांनी माझ्यासारखं गावाकडच्या संगणकावर आपल्या आवडीचं काहीतरी टाकून ठेवलंय त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एक तास मागे खुर्ची टाकून नुसते बसा. माउस हातात घेऊ नका.

परवा बाबांचा फोन आला. आवाजात जरा ऐट होती. म्हणाले, "आज बँकेचं पान उघडलं तर ते विचारत होतं, पासवर्ड साठवू का? मी नको म्हटलं."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"आणि 'साठवू'मधला ठ त्यांनी बरोबर लिहिलाय. ते मेनूतलं तेवढं कळव त्यांना."

ते स्वयंसेवकांना कळवायचं काम मी अंगावर घेतलंय. पुढच्या महिन्यात भेटू, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड वहीत लिहावेत की नाही, यावर बोलू. आमच्या आईचं त्यावर स्पष्ट मत आहे.